जादू आपल्या हातात, चूकही आपल्याच हातात

९ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीवर वसंतोत्सवाचा मोठा कार्यक्रम चालू होता. त्यात लिऊ छियान या तैवानी जादूगाराने घरी बसलेल्या प्रेक्षकांना चार पत्ते हातात घ्यायला लावले. पत्ते फाडा, वरचे खाली घाला, एक तुकडा लपवून ठेवा, काही फेकून द्या, आणि शेवटी हातात उरलेला तुकडा लपवलेल्या तुकड्याला लावून बघा. सूचना नीट पाळणाऱ्या प्रत्येकाला एकाच पत्त्याचे दोन अर्धे मिळाले. मंचावरच्या एका सूत्रसंचालकाचे तुकडे मात्र जुळले नाहीत, आणि तेही सगळ्यांना दिसलं. असा प्रयोग झाला की ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, ही कसली जादू, हे तर शाळेतलं गणित. प्रेक्षकाला आपण काही निवडतोय असं भासवायचं आणि शेवट आधीच ठरवून ठेवायचा, ही फसवणूकच झाली. दुसरी बाजू म्हणते, अहो, करमणूक आहे, करमणूक म्हणून बघा. पहिल्यांनी बोट चुकीच्या जागी ठेवलं आहे, आणि दुसऱ्यांनी प्रश्नच झटकून टाकला आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. पडद्यावरची जादू बघताना घरातल्या माणसाला 'हे माझ्याबाबतीत घडलं' असं वाटतं, ते वाटणं खोटं नसतं. त्याची निवड खोटी असू शकते, बहुतेक वेळा असतेच. पण कृती त्याची असते आणि अचंबाही त्याचाच असतो. फसवणूक कुठे सुरू होते हे ठरवायला निवड खरी होती का, हा प्रश्न कामाचा नाही. प्रयोग फसला तर चूक कुठे झाली हे त्या माणसाला स्वतः शोधता येतं का, हा प्रश्न कामाचा आहे.

आधी तो प्रयोगच जवळून बघू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो सावकाश करून पाहिलेला असतो. चार वेगवेगळे पत्ते कसेही पिसून एकावर एक ठेवायचे आणि चारही एकदम मधोमध फाडायचे. एक अर्धी चळत दुसरीवर ठेवली की आठ तुकडे होतात. पत्त्यांना क, ख, ग, घ म्हटलं तर क्रम क-ख-ग-घ, क-ख-ग-घ असा लागतो. आता आपल्या नावात जितकी अक्षरं तितके तुकडे वरून एकेक करून तळाशी घालायचे. नाव दोन अक्षरी असो की सहा अक्षरी, क्रम फक्त गोल फिरतो. पहिल्याचा जोडीदार पाचवा, चौथ्याचा आठवा, हे नातं तुटत नाही. मग वरचे तीन तुकडे एकत्र उचलून उरलेल्या पाचांच्या मध्ये कुठेतरी खुपसायचे. एवढ्या एका हालचालीने चौथा तुकडा सगळ्यांत वर येतो, आणि त्याचा जोडीदार आठवा तर तळाशी बसलेलाच असतो. वरचा तुकडा लपवून ठेवायचा. खरं तर काम इथेच झालेलं असतं. पुढचा सगळा खटाटोप तळाशी बसलेला जोडीदार शेवटपर्यंत सुखरूप नेण्यासाठी.

हातात सात तुकडे आहेत. दक्षिणेकडच्यांनी वरचा एक, उत्तरेकडच्यांनी दोन, ज्यांना आपण कुठले ते ठरवता येत नाही त्यांनी तीन तुकडे घेऊन मध्ये खुपसायचे. तळ हलत नाही. पुरुषांनी वरचा एक तुकडा फेकायचा, स्त्रियांनी दोन. तळ हलत नाही. मग जादूगाराचं सात अक्षरांचं पालुपद म्हणत, अक्षरागणिक एक, असे सात तुकडे वरून तळाशी. शेवटी एक तुकडा तळाशी घालायचा, पुढचा फेकायचा, पुन्हा एक तळाशी, एक बाहेर, असं एकच उरेपर्यंत. सातच का? एक तुकडा फेकलेल्या माणसाकडे सहा उरतात. सात वेळा फिरवणं म्हणजे एक पूर्ण फेरी आणि वर एक, म्हणून तळाचा तुकडा पाचव्या जागी येतो. आणि सहा तुकड्यांत 'एक तळाशी, एक बाहेर' केलं की पाचव्या जागचाच उरतो. दोन फेकले असतील तर पाच उरतात, तळाचा तिसऱ्या जागी येतो, आणि पाचांत तिसराच उरतो. या दोन्ही गटांना एकाच वेळी पुरणारा सातनंतरचा आकडा थेट ३७ आहे. इतकंच काय, कोणी एकही तुकडा फेकला नाही किंवा तीन फेकले, तरी सात पुरतो. करून पाहा. अशा एकाआड एक गळतीच्या कोड्यांना गणितात पहिल्या शतकातल्या इतिहासकाराच्या नावावरून जोसेफसचा प्रश्न म्हणतात. एका पालुपदाची अक्षरं आणि एका जुन्या कोड्याचं उत्तर इतकं चपखल बसवणं याला 'निव्वळ गणित' म्हणून नाक मुरडणाऱ्याने असा एक प्रयोग रचून दाखवावा.

आता विरोधकांचा सगळ्यांत जड मुद्दा. नाव काहीही असो, दक्षिण असो की उत्तर, स्त्री असो की पुरुष, शेवट तोच. मग 'तुमचं नाव', 'तुमचं गाव' हे विचारायचं कशाला? ज्या निवडीने काहीच बदलत नाही ती निवड म्हणजे नुसता देखावा, आणि अशा देखाव्याला लोक सरावले तर उद्या कोणीही त्यांच्यापुढे दोन दारं ठेवून एकाच खोलीत नेईल. हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, पहिल्या भागापुरता. निवड निष्फळ असते. ती लपवलेलीही असते. पण यातून सहभाग खोटा ठरतो का? गाणाऱ्याच्या मागे टाळ वाजवणारा चाल बदलू शकत नाही, म्हणून तो गाण्यात नसतो असं कोणी म्हणत नाही. सहभागाची किंमत आपण शेवट बदलू शकतो का यावर ठरत नाही, आपल्यावाचून ती गोष्ट घडते का यावर ठरते. टीव्ही बंद करून निघून गेलेल्या माणसाच्या घरात त्या रात्री काहीही जुळलं नाही.

शिवाय टीव्हीवरच्या जादूला हातांची गरज का पडली, हे विसरून हा वाद घालता येत नाही. जादू बघताना प्रेक्षक मनातल्या मनात आरोपींची यादी करत असतो. जादूगाराची बाही, टेबलाचा खण, मदतनीस, प्रेक्षकांत पेरलेला माणूस. टीव्ही आला आणि यादीत दोन नवे आरोपी आले: कॅमेरा आणि संकलन. जो दृश्य तोडून जोडू शकतो त्याला नाणं गायब करायला हात कशाला हवेत? १ ऑक्टोबर १९६० ला अमेरिकेत मार्क विल्सन यांची साप्ताहिक जादूमालिका सुरू झाली. तिथे स्टुडिओत प्रेक्षक बसवायचे आणि प्रयोग चालू असताना कॅमेऱ्याची कोणतीही करामत करायची नाही, असा नियम होता. जादूगार डग हेनिंग यांनी २६ डिसेंबर १९७५ चा कार्यक्रम थेट प्रक्षेपित केला तोही याच शंकेवरचा उतारा म्हणून. १९९७ मध्ये डेव्हिड ब्लेन यांनी वेगळी वाट काढली. कॅमेरा जादूगाराकडून वळवून रस्त्यावरच्या बघणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर नेला. ओरडणारी, मागे पळणारी ती माणसं घरातल्या प्रेक्षकाच्या वतीने अचंबित होत होती. हे सगळे उपाय उसनवारीचे होते. स्टुडिओतला माणूस खरा की पेरलेला, 'थेट' म्हणजे खरोखरच थेट का, चेहरे निवडून किती वगळले, हे घरच्याने विश्वासावरच घ्यायचं. पत्ते त्याच्या स्वतःच्या हातात दिले की ही सगळी यादी एका झटक्यात रिकामी होते. पत्ते त्याचे, हात त्याचे, फाडलं त्याने. कॅमेरा त्याच्या खोलीत नाही. या अर्थाने टीव्हीवरच्या जादूचा हा सगळ्यांत प्रामाणिक प्रकार आहे, आणि नेमक्या याच प्रकाराला फसवणूक म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

घरातला प्रेक्षक नुसता बघत असतानाही गुंततो, हे खरंच आहे. ९ एप्रिल १९५६ ला बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात पी. सी. सरकार यांनी टेबलावर झोपवलेल्या मुलीवर विजेची गोल करवत फिरवली. नंतर तिला जागं करायला गेले तर ती हलेना. त्यांनी तिच्या चेहऱ्यावर कापड टाकलं आणि निवेदक रिचर्ड डिंबलबी पुढे येऊन कार्यक्रम संपल्याचं सांगून मोकळे झाले. बीबीसीचे फोन खणखणत राहिले. मुलगी मेली की काय, एवढंच लोकांना विचारायचं होतं. वेळ संपली होती असा खुलासा झाला. ही वेळ सरकारांनी मुद्दाम साधली असं मानणारे पुष्कळ आहेत, आणि एवढ्या कसलेल्या जादूगाराला घड्याळ कळत नव्हतं असं मलाही वाटत नाही. त्या रात्रीची काळजी खरी होती, पण ती दुसऱ्यासाठीची काळजी होती. फोन करण्यापलीकडे प्रेक्षकाच्या हातात काही नव्हतं. त्याच्या आधी, १९४९ पासून, बीबीसीच्या रेडिओवर सिडनी आणि लेस्ली पिडिंग्टन हे ऑस्ट्रेलियन जोडपं दूरसंवेदनाचे, म्हणजे टेलिपथीचे, प्रयोग करत असे. मनातलं वाचता येतं असा दावा ते करत नसत. कार्यक्रमाच्या शेवटी 'निवाडा तुम्हीच करा' असं म्हणून थांबत. श्रोत्याला दिलेला तो मान मोठा होता, पण श्रोत्याच्या हातात तेव्हाही फक्त निकाल होता, पुरावा नव्हता.

हातात पत्ते नसतानाही पुरावा देता येतो, फक्त बोट लागतं. अमेरिकन जादूगार डेव्हिड कॉपरफिल्ड यांनी टीव्हीच्या काचेवर बोट टेकवायला लावून जे प्रयोग केले त्यांच्या मुळाशी सम-विषमाचं तत्त्व आहे. साधं रूप असं. तीन आडव्या ओळी, तीन उभ्या रांगा, नऊ घरं, १ ते ९ आकडे ओळीने लिहिलेले. कोणत्याही विषम घरावर बोट ठेवा. आडवं किंवा उभं, शेजारच्या घरात, तीन पावलं चाला. मी १ आणि ९ काढून टाकतो, तिथे तुम्ही नाही. आता पाच पावलं. मी २ आणि ८ काढतो. एक पाऊल. मी ३ आणि ७ काढतो. आणखी एक पाऊल, आणि तुम्ही ५ वर आहात. शेजारचं घर नेहमी उलट जातीचं असतं, विषमाशेजारी सम आणि समाशेजारी विषम. त्यामुळे पावलं विषम संख्येत पडली की कोण कुठल्या वाटेने गेलं याने फरक पडत नाही. इथे निवड मात्र निष्फळ नसते, हे लक्षात घ्या. दोन माणसं खरोखरच वेगवेगळ्या घरांतून फिरतात. वाट त्यांची असते, मुक्काम ठरलेला असतो. आणि चूक कुठे होते? बहुतेक वेळा दोनच ठिकाणी. एकतर माणूस उभा असलेल्या घरालाच 'एक' मोजतो आणि तीनऐवजी दोन पावलं चालतो. नाहीतर तिरपं जातो. तिरपं गेलं की विषमातून विषमातच उडी पडते. मोजणी चुकलेल्या माणसाचं बोट कधीकधी जादूगार काढून टाकतो त्याच घरावर सापडतं. तिथल्या तिथे कळतं की आपलं काहीतरी हुकलं.

दुसरा आक्षेप माझ्या मते याहून गंभीर आहे, आणि तो फारसा कोणी मांडत नाही याचं मला वाईट वाटतं. प्रयोग जमला तर श्रेय जादूगाराला, फसला तर दोष प्रेक्षकाला. हीच तर प्रत्येक भोंदूची जुनी युक्ती. गुण आला तर माझी शक्ती, नाही आला तर तुझी श्रद्धा कमी पडली. टीव्हीवरचा जादूगार 'तुम्ही सूचना नीट पाळल्या नसतील' असं म्हणतो तेव्हा तो वेगळं काय करतो?

वेगळं करतो, आणि ते कसं हे पाहायला १९७३ कडे जावं लागतं. त्या वर्षी २३ नोव्हेंबरला, मनाच्या शक्तीने धातू वाकवतो असा दावा करणारे यूरी गेलर बीबीसीवर आले. कार्यक्रम डेव्हिड डिंबलबींचा, म्हणजे सरकारांचा प्रयोग आवरता घेणाऱ्या रिचर्ड डिंबलबींच्या मुलाचा. गेलर यांनी चमचे वाकवून दाखवले आणि घरोघरीच्या लोकांनी फोन करून सांगितलं की आमच्याकडचेही चमचे-काटे वाकले. बंद पडलेली घड्याळं हातात धरा, ती चालू होतील, असंही ते सांगत, आणि ती खरंच चालू होत. न्यूझीलंडचे डेव्हिड मार्क्स आणि रिचर्ड कॅमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी घड्याळजींकडे आलेली बंद घड्याळं नुसती हातात धरून, हलवून बघायला सांगितली. निम्म्याहून अधिक टिकटिकू लागली. किल्लीचं घड्याळ बंद पडतं ते बऱ्याचदा मोडल्यामुळे नाही, आतलं तेल घट्ट झाल्यामुळे किंवा धूळ अडकल्यामुळे. तळहाताच्या उबेने तेल सैल होतं, उचलताना बसलेल्या हिसक्याने चाक सुटतं. म्हणजे सहभाग इथेही खरा होता. हात प्रेक्षकाचा, घड्याळ प्रेक्षकाचं, टिकटिकही खरी. खोटं होतं ते त्यावर लावलेलं कारण. आणि ज्याचं घड्याळ चालू झालं नाही त्याने काय शोधायचं? त्याच्याकडे तपासायला एकही पायरी नव्हती. आपल्यात ती शक्ती पोचली नाही, एवढंच त्याने समजायचं. १९८९ मध्ये सोव्हिएत दूरचित्रवाणीवर, आजार बरे करण्याचा दावा करणारे आलान चुमाक सकाळी गप्प बसून हात फिरवत आणि लोक टीव्हीसमोर पाण्याच्या बरण्या मांडून ते पाणी 'भारून' घेत. कृती प्रेक्षकाचीच, बरणीही त्याचीच. पण बरं वाटलं नाही तर कुठली पायरी चुकली? झाकण उघडायला हवं होतं का? अंतर जास्त झालं का? उत्तर कधीच मिळणार नसतं, कारण चुकायला तिथे पायरीच नसते.

फाटलेल्या पत्त्यांचा प्रयोग फसला तर पुन्हा चार पत्ते घ्यावेत आणि या वेळी तुकडे पालथे न ठेवता डोळ्यांसमोर ठेवून एकेक पायरी करावी. पाच मिनिटांत कळतं की वरचे तीन तुकडे मध्ये जाण्याऐवजी अगदी तळाशी गेले होते, किंवा पुन्हा वरच ठेवले गेले. फसण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच, कारण 'मध्ये घाला' हे शब्द ऐकताना हात सवयीने चळतीच्या कडेला जातो. 'चूक तुमची' हे वाक्य भोंदूही बोलतो आणि हा जादूगारही बोलतो. एकाचं तपासता येतं, दुसऱ्याचं तपासताच येत नाही. मी मघाशी ज्या कसोटीबद्दल बोललो ती इथे हाताला लागते.

या कसोटीवर सगळेच जादूगार सुटत नाहीत, आणि इथे माझं मत पहिल्या बाजूच्या जवळ जातं. अंदाजावर चालणारे प्रयोग घ्या. '१ ते ५० मधली दोन अंकी संख्या मनात धरा, दोन्ही अंक विषम, आणि दोन्ही वेगळे.' कानाला पन्नास पर्याय ऐकू येतात. खरे उरतात आठ: १३, १५, १७, १९, ३१, ३५, ३७, ३९. त्यांतही बोलणाऱ्याने उदाहरण म्हणून 'जसं १५' असं सोडून दिलं की पंधरा बाद होतं आणि बरेच लोक ३७ कडे झुकतात. खोलीतल्या एका माणसासमोर हा प्रयोग धोक्याचा आहे. लाखोंसमोर त्यात धोकाच नाही. ज्यांची संख्या जुळली ते थक्क होऊन सगळ्यांना सांगतात, ज्यांची नाही जुळली ते खांदे उडवून पुढे जातात. अमेरिकेत झेनिथ या रेडिओ कंपनीने १९३७ मध्ये हेच नकळत दाखवून दिलं. स्टुडिओतून मनाने 'पाठवलेले' पाच चिन्हांचे क्रम श्रोत्यांनी 'मनाने' ओळखून पत्राने कळवायचे होते. काही आठवड्यांचे निकाल इतके चांगले आले की दूरसंवेदन सिद्ध झाल्याचा डांगोरा पिटला गेला. मानसशास्त्रज्ञ लुई गुडफेलो यांनी दाखवलं की लोक काही क्रम आवडीने लिहितात आणि काही टाळतात; पाठवलेला क्रम लोकांच्या आवडीचा निघाला की निकाल वर जातो, एवढाच तो चमत्कार. ३७ चा प्रयोग करणारा जादूगार तोच झुकाव वापरतो. तो 'ही निव्वळ युक्ती आहे' या चौकटीत राहिला तर माझी हरकत नाही. 'मी तुमच्या मनात संख्या सोडली' असं तो गंभीरपणे सांगू लागला की तो गेलर यांच्या रांगेत जाऊन बसतो.

९ सप्टेंबर २००९ ला ब्रिटिश जादूगार डेरेन ब्राउन यांनी ब्रिटनच्या लॉटरीचे आकडे सांगण्याचा प्रयोग थेट प्रक्षेपणात केला, आणि दोन दिवसांनी खुलासा दिला की २४ जणांच्या अंदाजांची सरासरी काढली. ब्राउन यांच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे, पण हा खुलासा प्रयोगापेक्षा जास्त खटकतो. बरणीतल्या गोळ्या किती, बैलाचं वजन किती, अशा ठिकाणी सरासरी चालते, कारण प्रत्येकाच्या अंदाजात खऱ्या आकड्याची थोडी खूण असते. लॉटरीच्या चेंडूंची खूण कोणाच्याच डोक्यात नसते. सरासरी काढायची कशाची? प्रयोग फसवतो हे प्रेक्षकाने आधीच मान्य केलेलं असतं. खुलासाही फसवेल हे त्याने मान्य केलेलं नसतं.

मला सगळ्यांत विचार करायला लावणारा प्रयोग मात्र निराळाच आहे. पडद्यावर पाच चित्रांचे पत्ते दिसतात, समजा इस्पिक राजा, बदाम राणी, किलवर गुलाम, चौकट राजा, इस्पिक राणी. एक मनात धरा, त्याच्याकडे टक लावून बघा. पत्ते जातात, चार परत येतात, आणि तुमचा गायब. खरं म्हणजे परत आलेले चारही नवे असतात: किलवर राजा, चौकट राणी, इस्पिक गुलाम, बदाम राजा. तुमचाच नव्हे, सगळेच पत्ते गायब झालेले असतात. पण तुम्ही फक्त 'आपला' पत्ता पाहिला होता. इथे सहभाग हा जादूला लावलेला मुलामा उरत नाही, तीच यंत्रणा होते. ज्याने मनात काहीच धरलं नाही, तटस्थपणे पाचही पत्ते लिहून ठेवले, त्याच्यासमोर हा प्रयोग क्षणात कोसळतो. जो गुंतला तोच फसला. आणि तरीही हा प्रयोग माझ्या कसोटीला उतरतो: चित्रफीत मागे नेऊन दुसऱ्यांदा पाहा, सगळं उघडं पडतं. आपल्याच मनाचा हा लोभ, 'माझं' म्हटलं की बाकीचं न दिसणं, इतक्या स्वच्छपणे दाखवून देणारं दुसरं साधन मला माहीत नाही. ज्यांना दोन दारांची आणि एका खोलीची भीती वाटते त्यांनी लोकांना या प्रयोगापासून लांब ठेवू नये. तो करायला लावावा, आणि मग फीत मागे न्यावी.

तिसरा आक्षेप थोडक्यात: जादूगाराला मी दिसत नाही, मग 'तुम्ही' हा शब्द खोटा. हो, त्याला मी दिसत नाही. म्हणूनच त्याने प्रयोग असा रचलेला असतो की मी न दिसताही तो माझ्याकडे पोचेल. न दिसणाऱ्या माणसाच्या प्रत्येक संभाव्य चुकीचा आधीच विचार करणं यात मला दुरावा दिसत नाही, काळजी दिसते. हा विचार अपुरा पडला की प्रयोग घराघरांत कोसळतो. जाणकार तो कुठे अपुरा पडतो ते ओळखतात: एका वाक्यात दोन कृती सांगितल्या, 'मध्ये' म्हणजे काय ते दाखवलं नाही, सगळ्यांत सावकाश हाताला वेळ दिला नाही. 'तीन पत्ते मध्ये घाला' असं म्हणणारा आणि 'तीन पत्ते खुपसा, त्यांच्या वरही एक तरी राहू दे आणि खालीही एक तरी राहू दे' असं म्हणणारा यांच्यात हजारो घरांचा फरक पडतो. पत्त्यांच्या प्रयोगात तपासणीला एक सोयीची जागाही आहे. तुकडा लपवला की प्रत्येकाकडे, तो कोणीही असो, सातच तुकडे असायला हवेत. तिथे 'मोजा बरं, सात आहेत का' असं विचारलं तर गुपित फुटत नाही आणि मोजणीतली गडबड उघडी पडते. फेकाफेकी झाली की कोणाकडे सहा, कोणाकडे पाच. मग सगळ्यांना एकच प्रश्न विचारता येत नाही. तीन तुकड्यांची जागा चुकली असेल तर मात्र मोजून कळत नाही, ती वाक्यरचनेतच सांभाळावी लागते.

त्या रात्री मंचावर नेमकी कुठली पायरी हुकली यावर नंतर बरेच तर्क झाले, आणि गणित शिकवणाऱ्यांनी सगळा प्रयोग उलगडून दाखवला. थेट प्रक्षेपणात थांबायला वेळ नसतो हे समजतं. पण वाहिन्यांनी अशा प्रयोगानंतर, दुसऱ्या दिवशी का होईना, पाच मिनिटं राखून ठेवावीत: तेच चार पत्ते, या वेळी सुलटे, आणि ज्याचे तुकडे जुळले नाहीत त्याच्यासोबत एकेक पायरी सावकाश, 'मध्ये' या शब्दापाशी थांबून.